डीडीआर५ मेमरी: किटच्या निवडीपासून स्थिर ओव्हरक्लॉकपर्यंत (प्रकल्प नोंदी)

४ जानेवारी २०२५: आधी हिशेब, मग खरेदी

मशीन असं: रायझन ७ ९७००एक्स, चार स्लॉटचा बी६५० मदरबोर्ड, दुहेरी टॉवरचा एअर कूलर. काम मुख्यतः गेमिंग. डीडीआर५ मेमरी (रॅम) घ्यायची आहे आणि ती ओव्हरक्लॉक करायची आहे, म्हणजे प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायची आहे. बाजारात ४८०० पासून ८०००च्या वरपर्यंतच्या वेगाची (दर सेकंदाला इतके दशलक्ष व्यवहार) किट्स, म्हणजे मेमरी स्टिकचे संच, आहेत. खोक्यावरचा आकडा जितका मोठा तितकी मेमरी चांगली, असा सर्वसाधारण समज आहे. या प्लॅटफॉर्मवर तो लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते पैसे देण्याआधी कागदावर मांडलेलं बरं.

पहिलं गणित लेटन्सीचं, म्हणजे मागितलेला डेटा यायला लागणाऱ्या वेळेचं. सीएल (मागणीनंतर डेटा येईपर्यंतचे क्लॉक) गुणिले २००० भागिले वेग, उत्तर नॅनोसेकंदात:

४८०० सीएल४० = १६.७
५६०० सीएल४६ = १६.४
६००० सीएल३६ = १२
६००० सीएल३० = १०
६४०० सीएल३२ = १०
८००० सीएल३८ = ९.५

६००० सीएल३० आणि ८००० सीएल३८ यांच्यात अर्ध्या नॅनोसेकंदाचा फरक. उलट ६०००च्याच दोन किट्समध्ये, सीएल३६ आणि सीएल३० असताना, दोन नॅनोसेकंदांचा. नुसता वेग बघून घेणारा ग्राहक नेमका इथेच फसतो.

दुसरं गणित बँडविड्थचं, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो त्याचं. दोन चॅनेल मिळून १२८ बिट, म्हणजे १६ बाइट. ६०००ला कागदोपत्री ९६ जीबी/से., ८०००ला १२८. पण ९७००एक्समध्ये एकच सीसीडी (कोअर असलेली चिप) आहे. सीसीडी आणि मेमरी कंट्रोलर यांच्यामधल्या इन्फिनिटी फॅब्रिक या जोडणीतून दर क्लॉकला ३२ बाइट वाचता येतात आणि १६ लिहिता येतात. या फॅब्रिकचा क्लॉक (एफसीएलके) २००० मेगाहर्ट्झ धरला तर वाचन ६४ जीबी/से., लेखन ३२. मेमरी १२८ देवो की ९६, दरवाजा ६४चाच. खरी मेमरी कागदावरचा आकडा कधीच गाठत नाही; रिफ्रेश, बँक बदलणं, वाचनाकडून लेखनाकडे वळणं यांत वेळ जातो. तो वजा करूनही ६००० या दरवाज्याला पुरून उरते.

तिसरी गोष्ट कंट्रोलरच्या मोडची. या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे एएम५वर, मेमरीचा क्लॉक (एमसीएलके) आणि कंट्रोलरचा क्लॉक (यूसीएलके) १:१ चालतात तोवर लेटन्सी चांगली राहते. बहुतेक प्रोसेसर ६०००ला बिनतक्रार १:१ चालतात, बरेच ६४००ला चालतात, त्यापुढे क्वचितच. त्याच्या वर गेलं की बोर्ड आपणहून १:२ लावतो आणि कंट्रोलर निम्म्या क्लॉकवर येतो. हा तोटा भरून काढायला ८००० किंवा त्याहून वर जावं लागतं, आणि तिथे पोचूनही पदरात पडते ती साधारण बरोबरी. ६६०० ते ७६०० हा पट्टा एएम५वर सर्वांत वाईट: १:१ही नाही आणि वेगाचा फायदाही नाही.

निर्णय: लक्ष्य ६००० किंवा ६४००, १:१ मोड, टायमिंग (सीएलसारखे प्रतीक्षेचे क्लॉक) जितकी घट्ट बसतील तितकी.

(इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा हिशेब वेगळा. तिथे डीडीआर५ गिअर २मध्येच (इथल्या १:२सारखी) चालते, त्यामुळे ७२०० आणि त्यावरची किट्स तिथे अर्थपूर्ण ठरतात. त्या मशीनसाठीचा सल्ला उचलून इथे लावू नये. उलटही तसंच.)

७ जानेवारी: चिप कोणती

किटवरचं ब्रँडचं नाव दुय्यम आहे. आतली डीरॅम चिप बनवणारे मोठे तीनच: एसके हायनिक्स, सॅमसंग, मायक्रॉन. ओव्हरक्लॉकिंगसाठी हायनिक्सची १६ गिगाबिट ए-डाय (चिपची एक आवृत्ती) आणि त्याखालोखाल १६ गिगाबिट एम-डाय. सॅमसंग आणि मायक्रॉनच्या सुरुवातीच्या डीडीआर५ चिप्स चालतात व्यवस्थित, पण टीआरएफसी (मेमरीच्या रिफ्रेशला लागणारा वेळ) फारशी खाली येत नाही आणि व्होल्टेज वाढवून सीएल हवा तितका उतरत नाही. गेमिंगमधला बराचसा फायदा तर तिथेच आहे.

ए-डाय आणि एम-डाय यांत व्यवहारात जाणवणारा फरक टीआरएफसीचा. ए-डाय साधारण १२० नॅनोसेकंदांपर्यंत उतरते, एम-डाय १६०च्या आसपास थांबते. ६०००ला हे अनुक्रमे ३६० आणि ४८० क्लॉक होतात.

किट उघडण्याआधी चिप ओळखायची कशी? खात्रीचा मार्ग नाही, पण खुणा आहेत:

– ६००० सीएल३० लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा हायनिक्स. ६००० सीएल४० असेल तर काहीही निघू शकतं.
– १६ जीबीच्या स्टिकवर ७२०० सीएल३४ किंवा त्याहून वरचं रेटिंग असेल तर ए-डायची शक्यता फार मोठी.
– कोर्सेअरच्या लेबलवर आवृत्तीचा आकडा असतो. पहिला अंक ३ म्हणजे मायक्रॉन, ४ सॅमसंग, ५ हायनिक्स.
– जी.स्किलच्या लेबलवरच्या कोडच्या शेवटी ८२०ए असेल तर हायनिक्स ए-डाय, ८२०एम असेल तर एम-डाय.

एकाच मॉडेल नंबरखाली कंपन्या मध्येच चिप बदलतात. त्यामुळे एखाद्या जुन्या परीक्षणात ए-डाय निघाली म्हणून आज घेतलेल्या किटमध्ये तीच असेल असं नाही. लेबल बघायला मिळालं तर उत्तम, नाहीतर परत करता येईल अशाच ठिकाणी घ्यावं.

एक्सपो की एक्सएमपी, यावर फार डोकं शिणवू नये. दोन्ही म्हणजे स्टिकवरच्या एसपीडी चिपमध्ये साठवलेली तयार सेटिंग्ज. एक्सपो एएमडीचं, एक्सएमपी इंटेलचं. फक्त एक्सएमपी असलेलं ७२००चं ए-डाय किट घेऊन एएम५वर हाताने ६००० सीएल२८ लावता येतं, आणि ते अनेकदा ६०००च्या किटपेक्षा चांगलं निघतं, कारण चिप्स जास्त निवडक असतात. मात्र हाताने सेटिंग करायची तयारी नसेल तर एक्सपोचंच किट घ्यावं.

सीयूडीआयएमएम हा नवा प्रकार दिसू लागलाय. मॉड्यूलवरच क्लॉक ड्रायव्हर असतो, इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेवर त्याचा उपयोग होतो. सध्याच्या एएम५ प्रोसेसरवर तो ड्रायव्हर बायपास होऊन स्टिक साध्या स्टिकसारखी चालते. इथे त्यासाठी जादा मोजायचं कारण नाही.

८ जानेवारी: क्षमता आणि स्टिकची संख्या

१६ जीबीच्या दोन स्टिक. प्रत्येकीत १६ गिगाबिटच्या आठ चिप्स, सिंगल रँक, म्हणजे चिप्सचा एकच गट. कंट्रोलरवर सर्वांत कमी ताण.

८ जीबीच्या स्टिक घेऊच नयेत. त्यात चारच चिप्स असतात, त्याही एक्स१६ (१६ बिट रुंद) जातीच्या, आणि त्या चिपमध्ये बँक ग्रुप (आतले कप्पे) आठऐवजी चारच. म्हणजे क्षमता निम्मी आणि वर कामगिरीलाही कात्री. ज्यांना ६४ जीबी हवी त्यांनी ३२ जीबीच्या दोन ड्युअल रँक स्टिक घ्याव्यात. ६०००ला त्या एएम५वर सहसा चालतात आणि रँक इंटरलीव्हिंगचा (दोन गट आळीपाळीने वापरण्याचा) थोडा फायदाही मिळतो.

चार स्टिक मात्र नाहीत. चारही स्लॉट भरले की रायझन ७००० आणि ९०००साठी एएमडीचा अधिकृत वेग ३६०० आहे. नशिबाने ६००० लागली तरी महिन्याभराने कुठूनतरी एरर डोकं वर काढते. ‘आत्ता दोन घेऊ, नंतर तशाच दोन टाकू’ हा बेत डीडीआर४मध्ये खपून जायचा. डीडीआर५मध्ये तो महागात पडतो. दोन वेगवेगळी खोकी म्हणजे दोन वेगवेगळ्या चिप्स असू शकतात, मॉडेल नंबर एकच असला तरी.

उंचीही बघितली. बुटकी हीट स्प्रेडर साधारण ३३ मिमी, दिवेवाली ४४ मिमीच्या घरात. दुहेरी टॉवर कूलरचा पुढचा पंखा उंच स्टिकवर अडतो. मग पंखा वर सरकवावा लागतो आणि केसचं झाकण बसत नाही. दिवे स्वतःही थोडी उष्णता देतात. बुटकं, बिनदिव्याचं किट ठरवलं: ६००० सीएल३०-३६-३६, १.३५ व्होल्ट, एक्सपोसह.

१३ जानेवारी: बसवणं आणि पायाभूत चाचणी

लेबलवर ८२०ए. काम सोपं झालं.

स्टिक बसवण्याआधी बायोस अद्ययावत केलं. एएम५मध्ये मेमरीचं ट्रेनिंग (बूटच्या वेळी सिग्नल जुळवून घेणं) एजेसा या फर्मवेअरच्या हातात असतं आणि जुन्या आवृत्तीवर तासन्‌तास घालवणं फुकटचं काम आहे.

स्लॉट: प्रोसेसरकडून मोजल्यावर दुसरा आणि चौथा (ए२, बी२). चार स्लॉटच्या बोर्डवर तारा डेझी चेन पद्धतीने ए२ आणि बी२पाशी संपतात. स्टिक ए१मध्ये लावली तर पुढे रिकामी तार लोंबत राहते, सिग्नल तिथून परावर्तित होतो आणि ६०००ला ट्रेनिंग फसतं. बोर्डवर खटका एकाच बाजूला असेल तर बिनखटक्याची बाजू आधी नीट दाबून घ्यावी. तिकडे अर्धवट बसलेली स्टिक बाहेरून बसल्यासारखीच दिसते आणि एकच चॅनेल ओळखला जातो.

पहिला बूट. ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा पेटून तसाच राहतो, पडदा काळा, पंखे फिरतायत. हे बिघाडाचं लक्षण नव्हे. ट्रेनिंग चालू असतं आणि त्याला काही मिनिटं लागतात. घाई करून वीज तोडली की पुन्हा पहिल्यापासून.

एक्सपो न लावता, मूळ जेडेक (मेमरीचं प्रमाण ठरवणारी संस्था) वेगावर, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ची पूर्ण फेरी. शून्य एरर. ही पायरी गाळू नये. स्टिकच सदोष असेल तर ते इथेच कळतं, आणि परत करताना ‘ओव्हरक्लॉकमुळे झालं’ असं कोणी म्हणू शकत नाही. डीडीआर५मध्ये चिपच्या आतच एरर दुरुस्ती असते म्हणून काळजी नाही, असं काहींना वाटतं. ती दुरुस्ती चिपच्या आतल्या एका बिटापुरती आहे. चिप आणि प्रोसेसर यांच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही, आणि ओव्हरक्लॉकच्या बऱ्याच चुका वाटेवरच होतात.

१४ जानेवारी: एक्सपो

एक्सपो लावलं, लगेच बूट झालं. झेनटायमिंग्ज या प्रोग्रॅममध्ये वाचलं: एमसीएलके ३०००, यूसीएलके ३०००, एफसीएलके २०००. यूसीएलके १५०० दिसला असता तर १:२ लागलंय असं समजून बायोसमध्ये ‘यूसीएलके = एमसीएलके’ हाताने निवडावं लागलं असतं.

बोर्डाने व्हीसॉक (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं व्होल्टेज) स्वतःहून १.२५च्या वर नेऊन ठेवलं होतं. २०२३मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने या व्होल्टेजला १.३ची कमाल मर्यादा घातली. मर्यादेच्या आत असलं तरी ६०००साठी इतकं लागत नाही. हाताने १.२० केलं, वाय-क्रंचरच्या व्हीटी३ चाचणीत तासभर ठेवलं, ठीक. १.१५लाही बूट झालं, पण चाचणीत एरर. १.२० कायम.

बाकी, म्हणजे स्टिकवरची, व्होल्टेज: व्हीडीडी १.३५, व्हीडीडीक्यू १.३५, व्हीपीपी १.८. व्हीपीपीला हात लावायची गरज नसते.

१८ जानेवारी: ६४००चा प्रयत्न

६४००, सीएल३२-३८-३८, एफसीएलके २१३३. हे प्रमाण मुद्दाम निवडलं: एमसीएलके आणि एफसीएलके ३:२ राहतात, जसे ६००० आणि २०००ला असतात.

व्हीसॉक १.२०: ट्रेनिंग होत नाही, दोनदा आपटून बोर्ड सेफ मोडवर. १.२५: विंडोज सुरू होतं, व्हीटी३ काही मिनिटांत पडतं. १.२८: टेस्टमेम५ (मेमरीची चाचणी) पार, व्हीटी३ पुन्हा पडतं, फक्त उशिरा.

टेस्टमेम५ पार आणि व्हीटी३ नापास, याचा अर्थ स्टिकना दोष नाही, कंट्रोलरच दमतोय. तो प्रोसेसरमध्ये असतो, आणि एकाच मॉडेलच्या दोन प्रोसेसरमध्ये त्याची कुवत वेगळी असू शकते. मेमरी बदलून ते सुधारत नाही. म्हणूनच ‘माझ्याकडे ६४०० चालली’ हे वाक्य दुसऱ्याच्या मशीनबद्दल फारसं काही सांगत नाही.

१.३ला टेकून ६४०० रेटायची की १.२०वर ६००० ठेवून टायमिंग घट्ट करायची? लेटन्सीच्या गणितात सीएल३२ आणि सीएल३० दोन्ही १० नॅनोसेकंदच. ६००० निश्चित.

एफसीएलके वेगळा तपासला. २१००ला काही पडलं नाही, एररही दिसली नाही. पण लिनपॅक या गणिती चाचणीच्या लागोपाठच्या फेऱ्यांमध्ये गिगाफ्लॉप्स (गणनेचा वेग) वरखाली होऊ लागले. फॅब्रिकमध्ये चूक झाली की डेटा पुन्हा पाठवला जातो. मशीन कोसळत नाही, नुसतं मंदावतं. एफसीएलकेची अस्थिरता अशी लपून बसते. फक्त ‘क्रॅश नाही’ बघून २१०० किंवा २२०० ठेवणारे अनेकदा २०००पेक्षा कमी कामगिरी घेत बसतात. ‘व्हीडीडीजी’ (फॅब्रिकचं व्होल्टेज) वाढवून बघता आलं असतं, पण ३:२ सोडून मिळणारा फायदा एवढा नाही. २००० ठेवला.

२५ जानेवारी: सबटायमिंग

खरी मजा इथे आहे. एक्सपो प्रोफाइल मुख्य टायमिंग आणि मोजक्या इतर देतं; उरलेल्या (सबटायमिंग) बोर्ड ऑटोवर लावतो, आणि ऑटो म्हणजे कुठल्याही चिपला चालेल इतकं सैल.

सर्वांत मोठा डल्ला रिफ्रेशचा. डीरॅमच्या पेशीतला भार गळत राहतो, म्हणून ठरावीक अंतराने (टीआरईएफआय) सगळं थांबवून तो पुन्हा भरावा लागतो, आणि त्याला ठरावीक वेळ (टीआरएफसी) लागतो. जेडेकप्रमाणे १६ गिगाबिट चिपसाठी दर ३.९ मायक्रोसेकंदांनी २९५ नॅनोसेकंद. ६०००ला एक क्लॉक म्हणजे ०.३३३ नॅनोसेकंद, तेव्हा टीआरईएफआय ११,७०० आणि टीआरएफसी ८८५. भागाकार केला तर साडेसात टक्के वेळ निव्वळ रिफ्रेशमध्ये.

आता टीआरएफसी ३८४ (१२८ नॅनोसेकंद) आणि टीआरईएफआय ५०,००० (१६.७ मायक्रोसेकंद). भागाकार पाऊण टक्क्याच्या आसपास. दोन आकडे बदलले आणि जवळपास सात टक्के वेळ मोकळा झाला. याच्याइतका फायदा दुसऱ्या कुठल्याच सेटिंगमध्ये नाही.

टीआरएफसी खाली आणताना ८८५वरून एकदम ३८४वर उडी मारली नाही: ५६०, ४८०, ४२०, ३८४, प्रत्येक पायरीवर टेस्टमेम५. ३६०ला बूट झालं, पण चाचणी सुरू होताच एरर. ३८४ कायम. एम-डाय असती तर ४८० ते ५१०वर थांबावं लागलं असतं.

बाकीचे आकडे, कारणांसकट:

टीआरसीडी आणि टीआरपी ३६: रो (मेमरीतली ओळ) उघडण्याचा आणि बंद करण्याचा वेळ. सीएल व्होल्टेजला दाद देतो, हे देत नाहीत; ३४ला लगेच एरर.

टीआरटीपी १२: वाचनानंतर रो बंद करण्याआधीचा वेळ. जेडेकचे ७.५ नॅनोसेकंद म्हणजे २३ क्लॉक. ए-डायला १२ सहज चालतं.

टीआरएएस (रो किती वेळ उघडी ठेवायची) ४८, म्हणजे टीआरसीडी अधिक टीआरटीपी. टीआरसी ८४, म्हणजे टीआरएएस अधिक टीआरपी. याहून खूप लहान आकडे टाकलेले स्क्रीनशॉट सगळीकडे दिसतात. बेरजेच्या खाली जाऊन मोजण्याजोगं काही हाती लागलं नाही.

टीडब्ल्यूआर ४८: लेखनानंतर रो बंद करण्याआधीचा वेळ. जेडेकने ३० नॅनोसेकंद, म्हणजे ९० क्लॉक. हा सहाच्या पटीत ठेवावा.

टीआरआरडीएस ८, टीआरआरडीएल १२, टीएफएडब्ल्यू ३२: एकामागून एक रो उघडण्यामधली अंतरं. टीआरआरडीएस ४ टाकण्याची हौस अनेकांना असते. डीडीआर५ची बर्स्ट १६ लांबीची, म्हणजे एक बर्स्ट डेटा बसचे आठ क्लॉक व्यापतो. चार क्लॉकला नवी रो उघडली तरी डेटा जाणार आठनेच.

टीडब्ल्यूटीआरएस ४, टीडब्ल्यूटीआरएल १६. लेखनाकडून वाचनाकडे वळायचा वेळ. ऑटोवर टीडब्ल्यूटीआरएल ३० होता. गेममध्ये हा जाणवतो.

टीआरडीआरडीएससीएल ५, टीडब्ल्यूआरडब्ल्यूआरएससीएल ५: लागोपाठच्या वाचनांमधलं आणि लेखनांमधलं अंतर. ऑटोवर दुसरा बराच सैल असतो, आणि तो बदलल्यावर एडा६४ या चाचणीतला लेखन-कॉपीचा आकडा लगेच हलतो. ४ला एका थंड बूटनंतर एरर आली, म्हणून ५.

गिअर डाउन मोड (आज्ञा एक क्लॉक सोडून घेणं) चालू. तो चालू असताना विषम सीएल वर ओढला जातो. २९ टाकलं तरी ३० लागतं. म्हणून सीएल३० नंतर थेट सीएल२८. त्याला व्हीडीडी १.३५ पुरलं नाही, १.४०लाही तुरळक एरर, १.४३ला पास. इथे एक भिंत आहे: स्टिकवरचा पीएमआयसी (व्होल्टेज सांभाळणारी चिप) कुलूपबंद असेल तर १.४३५च्या वर व्होल्टेज जातच नाही. बायोसमध्ये १.४५ टाकलेलं दिसतं, प्रत्यक्ष मिळतं १.४३५. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये वाचून खात्री करावी.

एका वेळी एकच आकडा बदलायचा, बदलला की लिहून ठेवायचा. पाच आकडे एकत्र बदलून एरर आली तर दोषी कोण ते शोधण्यात सगळा वेळ जातो.

१ फेब्रुवारी: उष्णता

टेस्टमेम५ रात्रभर पास, कारहू (आणखी एक मेमरी चाचणी) १०,००० टक्के कव्हरेजपर्यंत पास, आणि दुसऱ्या दिवशी गेम तासाभराने डेस्कटॉपवर आपटला. एररचा संदेश प्रत्येक वेळी वेगळा. हे लक्षण मेमरीचंच.

फरक ग्राफिक्स कार्डाचा. नुसत्या मेमरी चाचणीत कार्ड गार असतं. गेममध्ये त्याची गरम हवा थेट स्टिकवर चढते. एकीकडे कारहू, दुसरीकडे कार्डावर भार, असं चालवून एचडब्ल्यूइन्फोमध्ये स्टिकचं तापमान बघितलं. आकडा ५० पार करेपर्यंत सगळं शांत. ५६वर थोडा वेळ रेंगाळला, ५८ झाला, आणि पहिली एरर. कार्डावरचा भार काढला, तापमान पन्नाशीच्या खाली आलं, एरर थांबल्या. पुन्हा भार दिला, पुन्हा तेच.

कारण सरळ आहे. पेशी तापली की गळती वाढते. टीआरईएफआय लांबवून आपण तिला जास्त वेळ विनाभरणा ठेवलंय. जेडेकसुद्धा ८५ अंशांच्या वर रिफ्रेशचं अंतर निम्मं करायला सांगतं. आपण ते चौपटीहून जास्त केलं, तेव्हा सुरक्षित तापमानाची हद्दही खाली आली. शिवाय पीएमआयसी स्टिकवरच असल्याने १.४३ व्होल्टची आच तिथेच.

दोन उपाय एकत्र केले. स्टिकवर तिरका रोखलेला ९२ मिमीचा पंखा, कमी फेऱ्यांवर: त्याच भाराखाली तापमान ४७-४८वर स्थिरावलं. आणि सीएल२८ सोडून सीएल३०, १.३८ व्होल्ट. सीएल२८चा फायदा ०.७ नॅनोसेकंदांचा; त्यासाठी ही आच पोसण्यात अर्थ नव्हता. पंखा लावायला जागाच नसेल तर टीआरईएफआय ३२,००० करावा. रिफ्रेशचा वाटा तेव्हाही सव्वा टक्क्याच्या आतच राहतो.

उन्हाळ्यात खोली तापली की ही चाचणी पुन्हा घ्यायची.

३ फेब्रुवारी: बूटला लागणारा वेळ

दर बूटला ट्रेनिंग होत असल्याने मशीन सुरू व्हायला वेळ लागतो. ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ चालू केलं की जुनं ट्रेनिंग वापरलं जातं आणि बूट झटपट होतो. काही बोर्डांवर हे चालू आणि ‘पॉवर डाउन’ (मेमरीची वीज वाचवणारा मोड) बंद असेल तर निळा पडदा येतो. दोन्ही बरोबर चालू ठेवावीत. पॉवर डाउनमुळे लेटन्सी किंचित वाढते.

याच्या उलट बाजूला, रिस्टोअर बंद असेल तर प्रत्येक ट्रेनिंग थोडं वेगळं येतं. एका बूटला स्थिर असलेली टायमिंग दुसऱ्या बूटला काठावर असू शकतात. म्हणून शेवटची चाचणी पूर्ण वीज बंद करून, मशीन गार झाल्यावर, पुन्हा सुरू करून घेतली, आणि अशा काही फेऱ्या केल्या. एससीएल ४ची एरर अशीच सापडली होती.

अंतिम निवड: दोन्ही चालू.

८ फेब्रुवारी: गेममध्ये काय मिळालं

मोजताना दोन पथ्यं. रिझोल्यूशन १०८०, ग्राफिक्स कमी, म्हणजे भार प्रोसेसरवर येतो. ४केवर सगळं ग्राफिक्स कार्ड ठरवतं आणि मेमरीचा फरक मोजणीच्या चुकीत विरघळून जातो. आणि सरासरी एफपीएसपेक्षा १ टक्का लो (सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्सचा वेग) बघायचा. कॅपफ्रेमएक्समध्ये तोच भाग, तीच वाट, प्रत्येक सेटिंगला सारख्याच फेऱ्या.

जेडेकवरून एक्सपोवर येताना फरक मोठा, हाताला जाणवणारा. एक्सपोवरून घट्ट सबटायमिंगवर येताना सरासरी थोडी हलते, १ टक्का लो त्याहून स्पष्ट सुधारतो. गर्दीच्या दृश्यात, जिथे प्रोसेसर मेमरीची वाट बघत बसतो, तिथे अधिक. सीएल३०वरून सीएल२८: मोजणीच्या चुकीइतकाच.

याच स्टिक ९८००एक्स३डीवर लावल्या असत्या तर हे अंतर आणखी आक्रसलं असतं. त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरमधल्या जलद साठ्यामुळे) मेमरीपर्यंत जायची वेळच कमी येते. एक्स३डी असलेल्याने एक्सपो लावावं, टीआरईएफआय-टीआरएफसी दुरुस्त करावी आणि थांबावं.

कायम केलेली सेटिंग्ज:

६०००, १:१, एफसीएलके २०००
३०-३६-३६-४८, टीआरसी ८४
टीआरएफसी ३८४, टीआरईएफआय ५०,०००
टीआरटीपी १२, टीडब्ल्यूआर ४८
टीआरआरडीएस ८, टीआरआरडीएल १२, टीएफएडब्ल्यू ३२
टीडब्ल्यूटीआरएस ४, टीडब्ल्यूटीआरएल १६, दोन्ही एससीएल ५
गिअर डाउन चालू, पॉवर डाउन चालू, कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू
व्हीडीडी आणि व्हीडीडीक्यू १.३८, व्हीसॉक १.२०, व्हीपीपी १.८

बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवलाय. बायोस अपडेट केलं की साठवलेलं प्रोफाइल पुसलं जातं किंवा नव्या आवृत्तीत उघडत नाही, आणि नवीन एजेसावर जुनेच आकडे स्थिर राहतील याची खात्री नसते. अपडेटनंतरचा क्रम: आधी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून, मग विंडोज, मग व्हीटी३, शेवटी कार्डावर भार ठेवून कारहू. अस्थिर मेमरीवर थेट विंडोज सुरू केलं तर सिस्टिमच्या फाइल्स खराब होतात, आणि मेमरी दुरुस्त झाल्यावरही त्या तशाच राहतात.